हिरवळीवरील टेनिसचे संस्मरणीय सामने

टेनिसची सुरुवात ज्या गवती कोर्टांवर झाली, त्यांवर खेळले गेलेले आणि निकालापेक्षा लढतीसाठी लक्षात राहिलेले सामने. १९७४ पर्यंत चारपैकी तीन ग्रँड स्लॅम स्पर्धा गवतावरच होत. त्यानंतर अमेरिकेने गवत सोडले, १९८७ च्या स्पर्धेनंतर ऑस्ट्रेलियानेही सोडले आणि उरले ते विम्बल्डन. भारतात या परंपरेचा गड कोलकाता मानला जातो. मात्र डेव्हिस करंडकाच्या, म्हणजे देशांच्या संघांमधील पाच-पाच सामन्यांच्या लढतींच्या स्पर्धेच्या, इतिहासातील एका विलक्षण वर्षातली भारताची शेवटची लढत पुण्यात झाली होती.

गवतावर चेंडू फारसा उसळत नाही, घसरत येतो. तो परतवणाऱ्याला हात मागे न्यायलाही वेळ मिळत नाही, आणि सर्व्हिस करून जाळ्याकडे धावणाऱ्याचे फावते. दोघेही आपापली सर्व्हिस राखत राहिले आणि टायब्रेकर (बरोबरीतला सेट गुणांवर निकाली काढणारा जादा गेम) नसला, की सेट संपायचे नाव घेत नाही. जुन्या गाजलेल्या सामन्यांपैकी बरेचसे या अडचणीतूनच घडले.

१९६९ मध्ये विम्बल्डनच्या पहिल्याच फेरीत ४१ वर्षांच्या पंचो गोन्झालेसने चार्ली पासारेलला २२-२४, १-६, १६-१४, ६-३, ११-९ असे हरवले. अंधुक प्रकाशात खेळावे लागते म्हणून चिडलेला गोन्झालेस पहिल्या दिवशी दोन सेट गमावून परतला होता. दुसऱ्या दिवशी पाचव्या सेटमध्ये त्याने सात मॅच पॉइंट (एक गुण गमावला की सामना गेला, असे क्षण) वाचवले. ११२ गेमच्या या सामन्यानंतर दोनच वर्षांनी विम्बल्डनने टायब्रेकर स्वीकारला, पण शेवटचा सेट त्यातून वगळला. ही पळवाट २०१० मध्ये अंगाशी आली. जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा सामना तीन दिवस आणि ११ तास ५ मिनिटे चालला. पाचवा सेट ७०-६८ असा सुटला. मध्येच ४७-४७ वर धावफलकही बंद पडला होता. विक्रम म्हणून त्याचे मोल मोठे, पण खेळ म्हणून तो बराचसा एकसुरी होता.

अंतिम सामन्यांत १९८० चा बोर्ग-मॅकेन्रो सामना अजूनही पहिला आठवतो. चौथ्या सेटचा टायब्रेकर मॅकेन्रोने १८-१६ असा जिंकला, तरी पाचवा सेट ८-६ असा घेऊन विजेता ठरला बोर्ग. २००८ मध्ये नदालने फेडररला पाचव्या सेटमध्ये ९-७ असे हरवले तेव्हा कोर्टावर अंधार दाटत होता. हा सामना बहुतांशी बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून, खेळला गेला, कारण २००१ पासून विम्बल्डनची कोर्टे पूर्णपणे रायग्रास या गवताची झाली आणि चेंडू जास्त उसळू लागला. महिलांमध्ये १९७० ची मार्गारेट कोर्ट-बिली जीन किंग अंतिम लढत यांच्या तोडीची आहे. केवळ दोन सेट, १४-१२ आणि ११-९, पण त्यात ४६ गेम.

भारतीय संघाला गवत मानवत असे. १९६६ च्या डेव्हिस करंडकात कोलकात्यात ब्राझीलविरुद्ध २-२ अशी बरोबरी असताना रामनाथन कृष्णन निर्णायक सामन्यात टोमाझ कॉकपुढे दोन विरुद्ध एक सेटने मागे होता आणि चौथ्या सेटमध्येही २-५ असा पिछाडीवर होता. तिथून त्याने ३-६, ६-४, १०-१२, ७-५, ६-२ असा सामना खेचून आणला आणि भारत प्रथमच अंतिम फेरीत पोचला.

१९७४ चे वर्ष मात्र वेगळेच होते. मे महिन्यात कोलकात्यात भारताने ऑस्ट्रेलियाला ३-२ असे हरवले. या लढतीत एकूण ३२७ गेम झाले. विजय आणि आनंद अमृतराज यांचा दुहेरीचा सामनाच ९९ गेमचा होता: १७-१५, ६-८, ६-३, १६-१८, ६-४. सप्टेंबरमध्ये उपांत्य फेरीसाठी सोव्हिएत संघ पुण्यात आला. त्यांचा आघाडीचा खेळाडू अलेक्झांडर मेत्रेवेली वर्षभरापूर्वी विम्बल्डनचा उपविजेता होता, त्यामुळे गवताची त्याला धास्ती असण्याचे कारण नव्हते. तरीही भारताने ही लढत ३-१ अशी जिंकली.

अंतिम फेरीत गाठ दक्षिण आफ्रिकेशी होती. तेथील वर्णभेदाच्या निषेधार्थ भारताने खेळण्यास नकार दिला आणि करंडक न खेळताच दक्षिण आफ्रिकेकडे गेला. डेव्हिस करंडकाचा अंतिम सामनाच न झाल्याचे हे एकमेव उदाहरण. अमृतराज बंधू ऐन भरात होते आणि भारताला करंडकाची इतकी चांगली संधी पुन्हा मिळाली असे म्हणता येत नाही. १९८७ मध्ये सिडनीच्या गवतावर ऑस्ट्रेलियाला हरवून भारत पुन्हा अंतिम फेरीत गेला, पण तिथे स्वीडनने क्ले (मातीच्या) कोर्टवर ५-० असा धुव्वा उडवला.

पुण्याच्या खेळाडूंपैकी नितीन कीर्तनेचा १९९२ चा सामना नोंदवायला हवा. महेश भूपतीसह तो विम्बल्डनच्या मुलांच्या दुहेरीत अंतिम फेरीत पोचला आणि बाल्डास-ड्रेपर या ऑस्ट्रेलियन जोडीकडून तिसऱ्या सेटमध्ये ७-९ असा हरला.

पुण्यात आंतरराष्ट्रीय टेनिस आता म्हाळुंगे-बालेवाडीच्या संकुलात, हार्ड कोर्टवर होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये भारताने तिथे न्यूझीलंडला ४-१ असे हरवले. त्या संघाचा न खेळणारा कर्णधार आनंद अमृतराज होता.