ऑक्टेव्ह पेडल सूर ‘ओळखत’ नाही
बास गिटारच्या खालच्या स्वरांवर ऑक्टेव्ह पेडल (वाजवलेल्या सुराच्या सप्तकभर खालचा सूर काढणारे पायाचे उपकरण) अडखळले की ते निकृष्टच असणार, हा वर्षानुवर्षे चालत आलेला समज चुकीचा आहे. अ‍ॅनालॉग पेडल सूर ओळखतच नाही. ते संकेताची आवर्तने मोजते आणि त्यातला फ्लिप-फ्लॉप परिपथ दर दोन आवर्तनांमागे एकच बाहेर सोडतो, म्हणून सूर सप्तकभर खाली उतरतो. मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर ४१.२ हर्ट्झचा असला, तरी पिकअपमधून (तारेच्या कंपनाचा विद्युत संकेत करणाऱ्या भागातून) त्याच्या दुप्पट कंप्रतेचा उपस्वर पुष्कळदा अधिक जोरकस येतो आणि मोजणी तिथेच चुकते. गिटारवरील टोनची कळ कमी करून, गिटारच्या मानेजवळचा पिकअप निवडून आणि (माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे) शेजारच्या तारा शांत ठेवून वाजवल्यास अडखळणे बरेच कमी होते. शिवाय पेडलने काढायचा, त्या ईच्या सप्तकभर खालचा ई २०.६ हर्ट्झचा, म्हणजे श्रवणमर्यादेच्या काठावरचा असतो.