जळगाव जंक्शन आणि भुसावळ जंक्शन: एक संगम, एक फाटा

खानदेशाबाहेरच्या व्यापाऱ्याला जळगाव आणि भुसावळ ही एकाच ठिकाणाची दोन नावे वाटावीत, इतकी ती जवळ आहेत. दोन्ही एकाच जिल्ह्यात, दोन्ही मुंबईहून येणाऱ्या मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर, दोन्ही जंक्शन, आणि मधले अंतर अवघे 24 किलोमीटर. सुरत-नागपूर महामार्ग, जो पूर्वी 6 क्रमांकाचा होता आणि आता 53 क्रमांकाचा झाला आहे, तोही या दोन्ही गावांवरून जातो. त्यामुळे माल मागवताना किंवा गोदामाची जागा पाहताना ‘जळगाव काय अन् भुसावळ काय, सारखेच’ असे सहज म्हटले जाते. प्रत्यक्षात ही दोन जंक्शने एकमेकांच्या उलट काम करतात.

पूर्वेकडे तोंड करून नकाशा पाहिला की हे चटकन ध्यानात येते. जळगावला पश्चिमेकडचे दोन मार्ग एकत्र येतात: एक मुंबईहून मनमाड, चाळीसगाव, पाचोरा असा येणारा आणि दुसरा सुरतेजवळच्या उधन्याहून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव असा तापीच्या खोऱ्यातून येणारा. भुसावळला हाच एकवटलेला मार्ग पुन्हा दुभंगतो. एक फाटा तापी ओलांडून रावेर, बऱ्हाणपूर, खंडव्यावरून इटारसीकडे जातो, तर दुसरा बोदवड, मलकापूर, अकोल्यावरून नागपूरकडे. म्हणजे जळगाव हा संगम आहे आणि भुसावळ हा फाटा आहे. मधल्या 24 किलोमीटरांवर चारही दिशांची वाहतूक येऊन पडते, आणि म्हणूनच या टप्प्यात तिसरा व चौथा मार्ग टाकावा लागला.

या रचनेमागे इतिहास आहे. भुसावळचा फाटा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घडवला. 1867 मध्ये तिचे रूळ नागपूरपर्यंत पोचले आणि 1870 मध्ये जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेशी जोड मिळून मुंबई-कलकत्ता हा सलग मार्ग झाला. जळगावचा संगम त्यानंतरचा आहे. तापी व्हॅली रेल्वे या वेगळ्या कंपनीचा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला आणि त्यावरच्या गाड्या बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे चालवीत असे. त्या जुन्या वाटणीमुळे आजही जळगाव स्थानक मध्य रेल्वेचे, पण तेथून सुरतेकडे जाणारा मार्ग पश्चिम रेल्वेचा आहे. अमळनेरच्या व्यापाऱ्याने रेल्वेकडे काही मागणी करायची, तर त्याला पश्चिम रेल्वेच्या मुंबई सेंट्रल विभागाकडे पाहावे लागते, आणि पाचोऱ्याच्या व्यापाऱ्याला मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाकडे.

भुसावळ हे गाव रेल्वेने वसवले, असे म्हटले तरी चालेल. विभागीय कार्यालय, विद्युत इंजिनांची शेड, मोठे यार्ड, गाडीचे चालक आणि गार्ड बदलण्याची सोय हे सारे तेथे आहे, म्हणून लांब पल्ल्याच्या गाड्या तेथे थांबतात. जळगाव मात्र आधी बाजारपेठ आहे. डाळमिल, सोन्याची पेढी, एमआयडीसीतले चटईचे आणि पाइपांचे कारखाने, जिल्ह्याची कचेरी, विमानतळ, अजिंठ्यावरून छत्रपती संभाजीनगरला जाणारा रस्ता, हे सगळे जळगावला आहे. कारखानदाराला गुजरातेतून प्लास्टिकचा दाणा आणायचा असेल आणि तयार माल चहूकडे पाठवायचा असेल, तर जळगावच सोयीचे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

केळीच्या बाबतीत मात्र नावाने मोठी फसगत होते. 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते ‘जळगाव केळी’ या नावाने, त्यामुळे ही केळी जळगाव स्थानकावर भरली जात असावी असा समज होतो. प्रत्यक्षात केळीचा मुख्य पट्टा रावेर आणि यावल तालुक्यांत, तापीच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, आणि रेल्वेने जाणारा माल भरला जातो तो सावदा, निंभोरा, रावेर या स्थानकांवर. ही तिन्ही स्थानके भुसावळच्या इटारसी फाट्यावर आहेत. केळीचा घड हिरवा असतानाच कापतात. तो खांद्यावरून बांधापर्यंत आणायचा, सालीला डाग लागू नये म्हणून खाली केळीचीच पाने अंथरायची आणि तासांचा हिशेब ठेवून डब्यात पोचवायचा, कारण खानदेशच्या उन्हाळ्यात बंद डब्यातला उशीर थेट भावातून वजा होतो. येथून भरलेला डबा दिल्लीला निघाला की तो थेट खंडव्याकडे उत्तरेला जातो; त्याला जळगावच काय, भुसावळलाही मागे यावे लागत नाही. पण डबे वेळेवर मिळणे हे भुसावळ विभागाच्या हातात असते. परदेशी जाणाऱ्या केळीची वाट मात्र वेगळी आहे. तिच्या फण्या सुट्या करून, तुरटीच्या पाण्यात धुऊन, खोक्यांत भरून शीतकंटेनरने रस्त्याने न्हावाशेवा बंदराकडे नेतात, आणि तेथे या दोन्ही जंक्शनांचा संबंध उरत नाही.

धुळे या दोन्हींपासून बाजूला राहिले आहे. तेथे चाळीसगावहून एक शाखा येते आणि तेवढीच. मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या नव्या मार्गाला 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आहे, आणि तो पूर्ण झाल्यावर धुळ्याला मुख्य मार्गावरचे स्थान मिळेल.

आणखी एक गोष्ट नंदुरबार-दोंडाईच्याकडच्या मिरचीच्या व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. सुरतेचा आणि मुंबईचा, दोन्ही मार्ग जळगावात पश्चिमेच्याच बाजूने शिरतात. नंदुरबारहून निघालेली गाडी भुसावळ, अकोला, नागपूरला सरळ जाते, पण तिला मनमाड-नाशिककडे वळायचे असेल तर जळगावला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागते. म्हणून विदर्भाकडे जाणाऱ्या मालासाठी रेल्वेची चौकशी आधी करावी, आणि नाशिककडचा माल धुळ्यावरून ट्रकने पाठवावा.