धातुविरल दीर्घिकांतील मोठे तारे : उत्क्रांती व वस्तुमानऱ्हास

जन्मतः सूर्याच्या सुमारे ८ पटींहून अधिक वस्तुमान असलेल्या आणि जड मूलद्रव्ये कमी असलेल्या वायूतून घडलेल्या ताऱ्यांची वाटचाल. हायड्रोजन आणि हीलियम सोडून बाकी सर्व मूलद्रव्यांना खगोलशास्त्रात ‘धातू’ म्हणण्याची प्रथा आहे. ऑक्सिजन, निऑनही त्यात आले. एकूण वस्तुमानातील त्यांचा वाटा म्हणजे धातुता. सूर्याची धातुता पूर्वी ०.०२ धरत, २००० नंतरच्या वर्णपटीय मापनांनी ती ०.०१४ च्या आसपास आणली, जरी सूर्यकंपनांच्या अभ्यासाशी तिचा मेळ अद्याप पूर्ण बसलेला नाही. जुन्या आणि नव्या प्रारूपांची तुलना करताना हा बदल विसरला, तर तफावत ताऱ्याची की मोजपट्टीची हेच कळत नाही.

अभ्यासाची मुख्य ठिकाणे जवळच्या बटू दीर्घिका आहेत. मोठ्या मॅगेलन मेघाची धातुता सूर्याच्या निम्मी, लहान मेघाची पाचवा हिस्सा. अंतरे अनुक्रमे सुमारे १.६ लाख आणि २ लाख प्रकाशवर्षे. सेक्स्टन्स ए ही दीर्घिका दहाव्या हिश्श्यावर आहे, पण ती ४० लाख प्रकाशवर्षांच्या पलीकडे. तिच्यातील एकेका ताऱ्याचा उपयोगी वर्णपट मिळवायला ८ ते १० मीटर व्यासाच्या दुर्बिणींना कित्येक तास लागतात. आय झ्विकी १८ याहून कितीतरी धातुविरल आहे. मात्र ती सुमारे ६ कोटी प्रकाशवर्षांवर असल्याने तिच्याविषयीचे बहुतेक ज्ञान ताऱ्यांच्या समूहाच्या एकत्रित प्रकाशावर आधारलेले आहे.

अंतर्रचना : मोठ्या ताऱ्यात हायड्रोजनचे ज्वलन कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या चक्रातून चालते. ही मूलद्रव्ये कमी असली की तेवढीच ऊर्जा देण्यासाठी गाभ्याला अधिक आकुंचन पावून अधिक तापावे लागते. बाहेरच्या थरांची अपारदर्शकताही घटते. परिणामी तारा सारख्याच वस्तुमानाच्या सौरधातुतेच्या ताऱ्यापेक्षा आटोपशीर आणि अधिक तप्त राहतो.

तारकीय वारा : तप्त ताऱ्याचा वारा प्रकाशाच्या रेट्यावर वाहतो. जंबुपार फोटॉन आयनांच्या वर्णरेषांत शोषले जातात, पुन्हा कोणत्याही दिशेला फेकले जातात आणि शोषताना मिळालेला संवेग बाहेरच्या दिशेने शिल्लक राहतो. वायू वेग घेऊ लागला की डॉप्लर परिणामामुळे त्याची रेषा सरकते व आतल्या थरांनी न खाल्लेला ताजा प्रकाश तिच्या वाट्याला येतो. म्हणून हा रेटा थांबत नाही. ल्युसी व सॉलोमन यांनी १९७० मध्ये ही कल्पना मांडली आणि कॅस्टर, ॲबट व क्लाइन यांनी १९७५ मध्ये तिला गणिती रूप दिले. हायड्रोजन-हीलियमच्या रेषा मोजक्याच. लोहाच्या मात्र लाखो, आणि नेमक्या तारा जिथे सर्वाधिक प्रकाशतो त्या पट्ट्यात. वाऱ्याच्या तळाशी लोह किती वस्तुमान निघणार हे ठरवते, तर वर कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन त्याचा अंतिम वेग ठरवतात. धातुता सूर्याच्या दहाव्या हिश्श्याखाली गेली की तळाचे कामही बरेचसे याच तिघांकडे येते.

विंक, द कोटर व लॅमर्स यांच्या २००१ च्या गणनेत ओ-ताऱ्यांचा (सर्वाधिक तप्त वर्गातील निळ्या ताऱ्यांचा) वस्तुमानऱ्हासाचा दर धातुतेच्या ०.६९ व्या घाताच्या प्रमाणात येतो. अंतिम वेगाचे धातुतेवरील अवलंबन वेगळे न धरल्यास घातांक ०.८५ होतो. दोन्ही आकडे ग्रंथांत सुटे उद्धृत होतात, त्यामुळे गोंधळ होतो. मॅगेलन मेघांच्या निरीक्षणांवरून २००७ मध्ये ०.८३ निघाला. व्यवहारात याचा अर्थ असा : सूर्याच्या ४० पट वस्तुमानाचा तारा सुमारे ५० लाख वर्षे जगतो. आपल्या दीर्घिकेत तो वर्षाला सूर्याच्या दहा लाखाव्या भागाइतके वस्तुमान गमावत असेल, तर एकूण गमावेल ५ सौर वस्तुमाने. लहान मेघात हीच गळती दीडच्या आसपास राहील. नंतरच्या काही गणना मूळ दरच दोन-तीन पटींनी कमी देतात आणि धातुतेवरील अवलंबन अधिक तीव्र. निरीक्षणांचा कल सध्या कमी दरांकडे आहे.

मापनातील अडचणी : हायड्रोजनच्या तांबड्या एच-अल्फा रेषेची तीव्रता घनतेच्या वर्गावर अवलंबून असते. वारा एकसंध नसून गुठळ्यांनी भरलेला असतो. घनतेच्या वर्गाची सरासरी त्यामुळे १० पट वाढली, तर एकसंध वारा गृहीत धरून काढलेला दर १० च्या वर्गमूळाने, म्हणजे तिप्पट फुगतो. जंबुपार शोषणरेषांना गुठळ्यांचा उपद्रव एवढा थेट होत नाही. पण कार्बनची १५५ नॅनोमीटरजवळची रेषा दाट वाऱ्यात संपृक्त होते, म्हणजे तिथला सगळा प्रकाश शोषला जातो, आणि काहीच मोजू देत नाही. विरळ वाऱ्यात ती संपृक्त होत नाही, हा धातुविरल ताऱ्यांचा फायदा. तोटा असा की वारा फार क्षीण झाला की एच-अल्फा निव्वळ शोषणरेषा बनते आणि तिच्यातून दराची केवळ वरची मर्यादा मिळते. कमी दीप्तीच्या ओ-ताऱ्यांत वारा सिद्धांताच्या अपेक्षेहून पुष्कळ दुबळा दिसतो, यालाच ‘दुबळ्या वाऱ्याचा प्रश्न’ म्हणतात.

लोह की ऑक्सिजन : दीर्घिकेची धातुता बहुधा तेजोमेघांतील ऑक्सिजनवरून सांगितली जाते, आणि वारा चालवते लोह. या फरकातून एक वाद उद्भवला. २०११ मध्ये ट्रॅम्पर व सहकाऱ्यांनी आयसी १६१३, डब्ल्यूएलएम आणि एनजीसी ३१०९ यांतील ओ-ताऱ्यांच्या दृश्य वर्णपटांवरून वारे अपेक्षेपेक्षा जोरकस असल्याचे दाखवले. या दीर्घिकांची धातुता ऑक्सिजनवरून सूर्याच्या सातव्या हिश्श्याची धरलेली होती. मोजलेले दर मात्र मोठ्या मेघाला शोभणारे. सिद्धांत कोसळतो की काय, अशी चर्चा झाली. पुढे हबल दुर्बिणीच्या जंबुपार वर्णपटांतून आयसी १६१३ व डब्ल्यूएलएममधील ताऱ्यांचे लोह तपासले गेले, तेव्हा ते पाचव्या हिश्श्याच्या, म्हणजे लहान मेघाच्या पातळीवर आढळले. २०१५ च्या बूरे व सहकाऱ्यांच्या विश्लेषणात जंबुपार रेषांवरून आलेले दर सिद्धांताशी सुसंगत निघाले. हा दुसरा निष्कर्ष अधिक ग्राह्य वाटतो, कारण त्यात लोह आणि वारा दोन्ही थेट ताऱ्यावरच मोजलेले आहेत. ताज्या तारानिर्मितीच्या दीर्घिकांत उलट स्थिती संभवते : ऑक्सिजन मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटांतून लवकर येतो, लोहाचा मोठा वाटा श्वेतबटूंच्या स्फोटांतून उशिरा.

वाऱ्याखेरीज ऱ्हास : निळ्या चल ताऱ्यांचे उद्रेक वर्णरेषांच्या रेट्यावर विसंबून नसावेत, म्हणून धातुता कमी असतानाही ते चालू राहू शकतात. लहान मेघातील एचडी ५९८० या ताऱ्याचा उद्रेक याला आधार देतो. तांबड्या महाराक्षसी ताऱ्यांच्या वाऱ्याची यंत्रणा निश्चित नाही. दीप्तीची त्यांची कमाल मर्यादा मात्र दोन्ही मेघांत जवळपास एकच आढळते, आणि केवळ धातुतेवर चालणाऱ्या ऱ्हासाला ती अडचणीची आहे, कारण तसे असते तर ती दोन मेघांत वेगळी दिसली असती.

युग्मताऱ्यांत सोबती वरचे आवरण ओढून घेतो. लहान मेघातील ओ-ताऱ्यांत निकट युग्मांचा वाटा, निरीक्षणातील निसटती युग्मे हिशेबात धरल्यावर, ७० टक्क्यांच्या आसपास निघाला आहे, म्हणजे आपल्या दीर्घिकेपेक्षा कमी नाही. अशा आवरण उतरलेल्या तप्त ताऱ्यांची टोळी २०२३ मध्ये मेघांतच सापडली. वुल्फ-राये तारे, म्हणजे आवरण गमावून हीलियम उघडा पडलेले तारे, लहान मेघात फक्त १२ ज्ञात आहेत; मोठ्यात दीडशेच्या वर. सगळे १२ युग्मांतलेच असतील अशी अपेक्षा होती, पण त्यांतील निम्म्याहून अधिकांना सोबती सापडलेला नाही.

घूर्णन व शेवट : वारा वस्तुमानासोबत कोनीय संवेगही नेतो. वारा क्षीण असला की तारा वेगाने फिरत राहतो. अतिवेगवान तारा आतून इतका घुसळला जातो की त्याला वेगळे आवरणच उरत नाही आणि तो फुगण्याऐवजी आकसतो. दीर्घ गॅमाकिरण स्फोट धातुविरल दीर्घिकांत अधिक आढळण्याशी ही वाट जोडली जाते. मोठ्या मेघातील १९८७ च्या सुपरनोव्हाचा पूर्वज तारा निळा होता. त्याचे कारण आधी कमी धातुतेत शोधले गेले, पण भोवतालच्या तीन वलयांमुळे दोन ताऱ्यांच्या विलीनीकरणाची कल्पना आता वरचढ आहे.

कमी ऱ्हासामुळे शेवटी जड गाभा उरतो. हीलियमचा गाभा सूर्याच्या साधारण ६४ ते १३३ पट असेल, तर इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्या बनून दाब ढासळतो आणि तारा काहीही मागे न ठेवता फुटतो. त्याहून हलके पण पुरेसे जड गाभे कृष्णविवर बनतात. २०१५ मध्ये गुरुत्वीय तरंगांतून दिसलेली सुमारे ३६ आणि २९ सौर वस्तुमानांची कृष्णविवरे सौरधातुतेच्या ताऱ्यांपासून, नेहमीच्या वाऱ्यांचे दर धरल्यास, होणे कठीण होते. २०२४ मध्ये जाहीर झालेले गैया बीएच३ हे कृष्णविवर सुमारे ३३ सौर वस्तुमानांचे आहे, आणि त्याच्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यातील लोह सूर्याच्या साडेतीनशेव्या हिश्श्याहूनही थोडे कमी आहे.