जर्मनीची साथ सोडताना: फिनलंडच्या गुप्त वाटाघाटींची पार्श्वभूमी

१९३९ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत संघाने फिनलंडवर हल्ला केला आणि साडेतीन महिन्यांच्या लढाईनंतर सदतीस लाख वस्तीच्या या देशाला पूर्व सीमेवरचा कारेलियाचा मुलूख तोडून द्यावा लागला. विपुरीसारखे भरभराटीचे शहर गेले. चार लाखांहून अधिक माणसे घरदार सोडून उरलेल्या फिनलंडात आली. गेलेले परत मिळवायचे, या ओढीने जून १९४१ मध्ये फिनलंड जर्मनीच्या जोडीने पुन्हा रणांगणात उतरला. जर्मनी, इटली आणि जपान यांच्या त्रिपक्षीय करारावर मात्र त्याने कधीच सही केली नाही. आमचे युद्ध वेगळे, फक्त शत्रू एक, असे हेलसिंकीचे म्हणणे होते. ते पुरते खरे नव्हते. फिनिश फौजा जुनी हद्द ओलांडून पूर्व कारेलियात शिरल्या होत्या आणि लेनिनग्राडच्या उत्तरेला ठाण मांडून बसल्या होत्या. ब्रिटनने डिसेंबर १९४१ मध्ये युद्ध पुकारले. अमेरिकेने शेवटपर्यंत पुकारले नाही, आणि हा एक धागा फिनलंडने जिवापाड जपला.

स्टालिनग्राडला जर्मन फौजांनी शस्त्रे ठेवली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ३ फेब्रुवारी १९४३ ला, मिक्केली येथील लष्करी मुख्यालयात फिनलंडच्या नेत्यांची बैठक झाली. जर्मनी हे युद्ध हरणार आणि आपल्याला वेळेत बाहेर पडायला हवे, हे तिथे सर्वांना कळून चुकले. प्रश्न होता बाहेर पडायचे कसे. देश जर्मन धान्यावर जगत होता, सैन्य जर्मन शस्त्रांवर, आणि उत्तरेला लॅपलंडमध्ये सुमारे दोन लाख जर्मन सैनिक होते. मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री हेन्रिक राम्साय बर्लिनला गेले. अमेरिका मध्यस्थीला तयार असल्याचे त्यांनी सांगताच जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपने ती साफ फेटाळून लावण्याची मागणी केली, शिवाय वेगळा तह न करण्याचे लेखी वचनही मागितले. हेलसिंकीने वचन देण्याचे टाळत वेळ काढला.

खरी बोलणी स्टॉकहोममध्ये सुरू झाली. तिथल्या सोव्हिएत राजदूत अलेक्सांद्रा कोलोन्ताय यांचे आजोळ फिनिश होते. लहानपणीचे उन्हाळे त्यांनी कारेलियातल्या आजोबांच्या वाडीवर घालवले होते आणि त्यांना फिनिश येत होते. १९४२ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, पण आजारपणातही त्यांनी हे दार बंद होऊ दिले नाही. निरोपांची ने-आण करणाऱ्यांत स्वीडिश बँकर मार्कुस वालेनबेरी होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये, सोव्हिएत विमाने हेलसिंकीवर बाँबफेक करत असताना, सत्तरी ओलांडलेले मुत्सद्दी युहो कुस्ती पासिकिवी कोलोन्ताय यांना भेटायला स्टॉकहोमला गेले. ही भेट फार दिवस लपून राहिली नाही. जर्मनांना प्रत्येक हालचालीचा सुगावा लागत होता, आणि छोट्या देशाच्या गुप्त वाटाघाटींत सर्वांत मोठी अडचण हीच होती, असे मला वाटते.

सुगावा लागल्यावर काय होते, ते लवकरच दिसले. हंगेरीही मित्रराष्ट्रांशी चोरून बोलत होती. १९ मार्च १९४४ ला जर्मन सैन्याने तो देश ताब्यात घेतला. आठवडाभरातच पासिकिवी आणि दुसरे फिनिश मुत्सद्दी कार्ल एंकेल मॉस्कोत सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्हसमोर बसले होते. अटी होत्या १९४० ची हद्द, अगदी उत्तरेकडचा पेट्सामो प्रांत, साठ कोटी डॉलरची भरपाई, आणि एप्रिलअखेर सगळ्या जर्मन सैनिकांना हाकलणे किंवा कैद करणे. फिनलंडने नकार दिला. पुढे या नकारावर बरीच टीका झाली, मला मात्र तो समजण्यासारखा वाटतो. दक्षिणेत सोव्हिएत फौजा समोर उभ्या असताना महिनाभरात उत्तरेतले दोन लाख सैनिक हाकलायचे कुणाच्या बळावर? एवढी बोलणी झाली म्हणून जर्मनीने धान्य आणि शस्त्रे थांबवली, ती वेगळीच.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लाल सेना कारेलियाच्या चिंचोळ्या पट्ट्यात तुटून पडली. २० जूनला विपुरी पडले. हेलसिंकीने स्टॉकहोममार्गे पुन्हा तहाची विचारणा केली, तेव्हा मॉस्कोने आधी शरणागतीचे पत्र मागितले, राष्ट्राध्यक्ष आणि परराष्ट्रमंत्र्यांच्या सहीचे. नेमका त्याच दिवसांत रिबेनट्रॉप न बोलावता हेलसिंकीत येऊन बसला. शस्त्रे हवीत तर वेगळा तह करणार नाही असे लिहून द्या, ही त्याची अट. एका हाताला शरणागती, दुसऱ्या हाताला हा गळफास.

यातून निघालेली वाट विलक्षण होती. असा करार संसदेपुढे ठेवायला हवा होता, पण तिथे तो मंजूर होण्याची खात्री नव्हती. शिवाय मंजूर झाला असता तर देश कायमचा बांधला गेला असता. म्हणून २६ जूनला राष्ट्राध्यक्ष रिस्तो र्‍यूती यांनी हिटलरला व्यक्तिगत पत्र लिहिले: मी किंवा मी नेमलेले सरकार जर्मनीच्या संमतीशिवाय तह करणार नाही. वचन माणसाचे होते, राज्याचे नव्हते. जर्मन विमाने आणि रणगाडाविरोधी शस्त्रे येत राहिली आणि ताली-इहांतालाच्या लढाईत फिनिश सैन्याने आघाडी रोखून धरली. अमेरिकेने मात्र ३० जूनला राजनैतिक संबंध तोडले. चिडलेल्या वॉशिंग्टनला आतली मेख सांगण्याची सोय नव्हती.

१ ऑगस्टला र्‍यूतींनी राजीनामा दिला. संसदेने खास कायदा करून सरसेनापती मान्नरहाइम यांना राष्ट्राध्यक्ष केले. जर्मन फील्ड मार्शल कायटल सन्मानचिन्ह घेऊन धावत आला, तेव्हा १७ ऑगस्टला मान्नरहाइमनी त्याला तोंडावर सांगितले की र्‍यूतींचे वचन आपल्यावर बंधनकारक नाही. २५ ऑगस्टला कोलोन्ताय यांच्याकडे नवी विचारणा गेली, २ सप्टेंबरला जर्मनीशी संबंध तोडले, ४ तारखेला फिनिश तोफा थांबल्या. मॉस्कोत बोलणी चालू असतानाच पंतप्रधान आंत्ती हाक्झेल यांना पक्षाघात झाला. १९ सप्टेंबरच्या करारावर अखेर एंकेल यांच्या शिष्टमंडळाने सह्या केल्या. भरपाई तीस कोटी डॉलरवर आली होती, पण पेट्सामो गेले, हेलसिंकीच्या उंबरठ्यावरचा पोर्क्काला परिसर पन्नास वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावा लागला, आणि जर्मनांना हाकलण्याचे काम डोक्यावर आलेच. माघार घेताना जर्मनांनी रोव्हानिएमी शहर जाळले, रस्ते आणि पूल उद्ध्वस्त केले. लॅपलंडमधल्या सुमारे एक लाख लोकांना त्याआधी हलवले होते, त्यांतल्या निम्म्यांना स्वीडनने आसरा दिला. देश मात्र ना जर्मनांच्या ताब्यात गेला, ना लाल सेनेच्या.

करारातल्या एका कलमान्वये युद्धाला जबाबदार असणाऱ्यांवर खटला भरणे भाग होते. त्यासाठी फिनिश संसदेला पूर्वलक्षी कायदा करावा लागला, आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये र्‍यूतींना दहा वर्षांची शिक्षा झाली. राम्सायही तुरुंगात गेले. मान्नरहाइमवर खटला झाला नाही. र्‍यूतींची प्रकृती तुरुंगात ढासळली. १९४९ मध्ये त्यांना माफी देऊन सोडले, ती राष्ट्राध्यक्ष पासिकिवींनी.