एका फांदीची नवी जात

बोगनवेलीचा एक झुबका तोडून हातात घ्या आणि नीट न्याहाळा. ज्याला आपण फूल म्हणतो, त्या कागदासारख्या तीन रंगीत पाकळ्या म्हणजे खरं तर पानंच. वनस्पतिशास्त्रात त्यांना छदे म्हणतात. प्रत्येक छदाच्या मधल्या शिरेला चिकटून आगकाडीएवढी जाड एक नळी असते आणि तिच्या तोंडाशी चांदणीसारखी छोटी पांढुरकी नक्षी. खरं फूल ते. पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही त्या अरुंद नळीत दडलेले असतात. नवी बोगनवेल घडवायला निघालेल्या माणसाची पहिली अडचण इथेच सुरू होते.

गुलाबाचा संकर करायचा तर कळी उमलण्याआधी पाकळ्या बाजूला सारायच्या, पुंकेसर चिमट्याने खुडायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा आणि वर कागदी पिशवी बांधायची. बोगनवेलीत हेच काम सुईच्या टोकाने नळी चिरून करावं लागतं, आणि जरा हात हलला की स्त्रीकेसरही जातो. एवढं करून बी धरेलच असंही नाही. कुंपणावर वर्षानुवर्षं फुललेली बोगनवेल तुम्ही पाहिली असेल, पण तिचं बी किती जणांनी पाहिलंय? मी स्वतः कैक वर्षं शोधूनही मोजकीच पाहिली आहेत.

बी का धरत नाही, याचं उत्तर तिच्या कुळात आहे. मूळची ही दक्षिण अमेरिकेची. 1767 मध्ये ब्राझीलच्या रिओ दि जानेरो बंदरात फ्रेंच जहाजावरच्या कॉमर्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती ती लागली आणि त्या मोहिमेचा प्रमुख बोगनव्हिल याचं नाव तिला मिळालं. (कॉमर्सनची मदतनीस जान बारे पुरुषवेशात जहाजावर होती. पृथ्वीप्रदक्षिणा केलेली पहिली ज्ञात स्त्री तीच.) बागांत आज जी शेकडो वाणं दिसतात, ती मुख्यतः तीन प्रजातींपासून आणि त्यांच्या आपसातल्या संकरांतून आली. गडद किरमिजी ‘मिसेस बट’ हा असाच एक संकर. तो कोलंबियातल्या कार्ताहेनाहून 1910 मध्ये त्रिनिदादला नेला गेला आणि तिथून जगभर पसरला.

आता पराग तयार होताना पेशीत काय घडतं ते पाहू. त्या वेळी गुणसूत्रं जोड्या लावतात, अगदी फुगडीला जोडीदार शोधावा तशी, आणि मग जोडीतलं एकेक गुणसूत्र वेगळ्या पेशीत जातं. बोगनवेलीत 34 गुणसूत्रं, म्हणजे 17 जोड्या. पण दोन वेगळ्या प्रजातींच्या संकरात आईकडच्या गुणसूत्राला बापाकडे आपल्यासारखा जोडीदार सापडेलच असं नसतं. काही वाणांत तर गुणसूत्रांचे तीन-तीन संच असतात. मग तिसऱ्याने कुणाचा हात धरायचा? वाटणी बिघडते, पराग पोकळ निघतो. देखणी आणि वांझ, अशी ही झाडं.

तरीही बोगनवेलीची इतकी वाणं झाली, याचं कारण मला सगळ्यात थक्क करणारं वाटतं. कधीतरी एखाद्या फांदीच्या टोकावरच्या एकाच पेशीत जनुकीय बदल होतो. त्या पेशीपासून पुढे वाढलेला फुटवा वेगळाच निघतो. सगळं झाड किरमिजी आणि एक फांदी नारिंगी. ‘मिसेस बट’वर अशीच नारिंगी फांदी आली आणि ती ‘मिसेस मॅक्लीन’ झाली. फिलिपिन्समध्ये याच ‘मिसेस बट’च्या एका फांदीवर छदांचे गच्च गेंद आले, आत खरं फूलच नाही, आणि ते वाळले तरी गळून पडत नाहीत. ती ‘महारा’. अशा बदलाला मी फांदीबदल म्हणतो. त्या फांदीचं छाट कलम केलं की नवी जात हाती. बी लागत नाही, संकर लागत नाही. पण ती फांदी कुणाच्या तरी नजरेला पडावी लागते.

‘मेरी पामर’ तर या सगळ्यांच्या पुढची. कोलकात्याच्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत 1949 मध्ये ती ‘मिसेस एच. सी. बक’ या वाणावर सापडली. एकाच झाडावर पांढरी आणि गुलाबी-जांभळी छदे, कधी एकच छद अर्धं या रंगाचं, अर्धं त्या. फांदीच्या शेंड्यात पेशींचे थर असतात. बदल एकाच थरात झाला आणि बाकीचे थर जुनेच राहिले, की एका झाडात दोन झाडं नांदतात. शास्त्रज्ञ त्याला कायमेरा म्हणतात.

अशी जोडी टिकवणं सोपं नाही, आणि हे मी माझ्या गच्चीवर शिकलो. पांढऱ्या कडांच्या पानांची एक बोगनवेल मी नर्सरीतून आणली होती. पहिल्या पावसात बुंध्याजवळून एक फुटवा आला, पूर्ण हिरवा, चांगला तजेलदार. तजेलदार म्हणून मी तो ठेवला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर कुंडीत पांढरी कड असलेलं एकही पान उरलं नव्हतं. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणून तो अन्न तयार करत नाही. पूर्ण हिरव्या फांदीची वाढ त्यामुळे कितीतरी वेगाने होते आणि ती दुसरीला झाकून टाकते. असा फुटवा दिसताक्षणी मुळापासून काढायचा असतो. ते झाड गेल्याचं वाईट मला आजही वाटतं.

फांदी आपोआप बदलण्याची वाट न पाहता तो बदल घडवता येईल का? आपल्याकडे हे काम मुंबईत झालं. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बोगनवेलीच्या छाटांना गॅमा किरण देऊन ‘जया’, ‘सिल्व्हर टॉप’ यांसारखी वाणं काढली गेली. किरण जास्त झाले तर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मरतात, कमी झाले तर काहीच होत नाही. कोरड्या बियांपेक्षा हिरवी काडी फार नाजूक, म्हणून मात्राही बरीच कमी ठेवावी लागते. शिवाय किरण नेमकं कोणतं जनुक बदलतील हे ठरवता येत नाही. शेकडो काड्या लावायच्या, वाढवायच्या आणि रोज पाहत राहायचं.

लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात टी. एन. खोशू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वांझपणाच्या मुळालाच हात घातला. 1975 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात कोल्चिसिन हे द्रव्य वापरलं होतं. आपल्या कोकणात पावसाळ्यात कुंपणावर चढणाऱ्या कळलावीतही ते असतं, आणि ते जहाल विष आहे. पेशी विभागताना दुप्पट झालेली गुणसूत्रं दोन टोकांना ओढणारे धागे कोल्चिसिन बनूच देत नाही. मग सगळी गुणसूत्रं एकाच पेशीत राहतात. फुगडीत एकट्या पडलेल्या प्रत्येकीला आपली जुळी बहीण मिळावी, तसं होतं. जोड्या लागतात, पराग भरतो, वांझ वाण पुन्हा बी धरू लागतं. लखनौच्या संकरांतून ‘बेगम सिकंदर’, ‘वाजिद अली शाह’, ‘चित्रा’ अशी वाणं आली.

या सगळ्या खटपटीतही एक रंग कधी आला नाही: निळा. बोगनवेलीची रंगद्रव्यं बीटालेन जातीची, म्हणजे बीट, तांबडा माठ आणि ड्रॅगन फ्रूट यांच्यातली. जास्वंद किंवा गोकर्णात जे अँथोसायनिन असतं, ते बीटालेनबरोबर एकाही वनस्पतीत नैसर्गिकरीत्या आढळलेलं नाही. बीटालेनमधून पिवळा, नारिंगी, लाल, जांभळा मिळतो, खरा निळा मिळत नाही. म्हणून ऑनलाइन ‘निळ्या बोगनवेलीचं बी’ दिसलं तर कृपा करून पैसे घालवू नका.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बोगनवेली भरात असतात, आणि नंतर छाटणीची कात्री सरसकट फिरते. त्याआधी आपल्या कुंपणावरून, सोसायटीच्या भिंतीवरून एकदा नजर फिरवा. एखादी फांदी रंगाने, पानाने वेगळी दिसली तर तिला दोरा बांधा. पावसाच्या तोंडावर पेन्सिलएवढ्या जाडीच्या चार-पाच काड्या कापून वाळूमिश्रित मातीत लावा. त्या फुलल्या की त्यांच्यापासून पुन्हा काड्या घ्या, आणि त्यांच्यापासून आणखी एकदा. तिन्ही वेळा तोच रंग आला, जुन्या रंगाचा एकही फुटवा निघाला नाही, तर तुमच्याकडे बहुधा खरोखरच काही नवं आहे. नाव सुचवून ठेवा. जगभरातल्या बोगनवेलीच्या वाणांची आंतरराष्ट्रीय नोंद ठेवण्याचं काम दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडेच आहे.