ढीग की टाकी? सोन्याच्या खाणीतल्या दोन वाटा

सिव्हिल लाइन्सला भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय, सेमिनरी हिल्सला खनिजांचा शोध घेणारी सरकारी कंपनी एमईसीएल, व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत मायनिंगची शाखा आणि तासाभरावर मनसर, कांद्रीच्या मँगनीज खदानी. नागपुरात खाणीबद्दल बोलणाऱ्या माणसांची कमतरता नाही. तरी सोन्याचा विषय निघाला की एक गल्लत हमखास होते. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटातल्या खाणीचा फोटो दिसतो, त्यात सपाट माथ्याचे राखाडी डोंगर असतात, आणि कुणीतरी म्हणतं, "कोलारला आहेत तसेच सायनाइडचे डोंगर."

तसेच नाहीत. कर्नाटकातल्या कोलारचे डोंगर म्हणजे सोनं काढून झाल्यावर उरलेला गाळ. नेवाडातला डोंगर म्हणजे चालू कारखाना. सोनं त्याच्या पोटातच विरघळत असतं. पहिली टाकीची पद्धत, दुसरी ढिगाची.

रसायन दोन्हीकडे एकच. ग्लासगोत मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी 1887 साली त्याचं पेटंट घेतलं. सायनाइडचं अगदी पातळ द्रावण हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने सोनं विरघळवतं. त्यात चुना घालून ते अल्कधर्मी ठेवावं लागतं, नाहीतर विषारी वायू सुटतो. फरक पडतो तो दगड किती बारीक केला आणि द्रावण त्याला कुठे भेटलं, यात.

टाकीच्या वाटेने जाणारा दगड आधी गिरणीत दळतात, पिठाइतका, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही बारीक. मग पाणी घालून त्याचा राबडा उंच टाक्यांतून ढवळत पुढे नेतात. नारळाच्या करवंटीपासून केलेला सक्रिय कोळसा त्यातच सोडलेला असतो. विरघळलेलं सोनं त्याला चिकटतं. साधारण एक-दोन दिवसांत काम आटोपतं आणि बहुतेक दगडांत उतारा, म्हणजे दगडातल्या सोन्यापैकी हाती येणारं सोनं, 90 टक्क्यांच्या वर मिळतो. उरलेला राबडा बांध घातलेल्या तलावात साठवावा लागतो.

ढिगात दळण नाहीच. दगड फोडून, कधी सुरुंगातून निघाला तसाच, जाड प्लॅस्टिकच्या अस्तरावर थरावर थर रचतात. माथ्यावर नळ्या अंथरून थेंबथेंब द्रावण सोडतात, आपल्या काटोल-नरखेडच्या संत्राबागेतल्या ठिबकासारखं. ते महिनोन्‌महिने झिरपत राहतं, तळाशी गोळा होतं, कोळशातून जातं आणि पुन्हा माथ्यावर चढतं. उतारा मात्र बहुधा 50 ते 80 टक्के.

एवढं सोनं दगडातच का सोडायचं? हिशेब मांडून बघा. टनामागे अर्धाच ग्रॅम सोनं असेल, तर तो टन दळण्याची वीज आणि गिरणीत झिजणारं पोलाद यांचा खर्च पेलवत नाही. ढीग स्वस्त, म्हणून असा दगड धंद्यात येतो. टनामागे 5 ग्रॅम असतील तर 30 टक्के सोडणं म्हणजे दीड ग्रॅम पाण्यात. तिथे गिरणीच परवडते. माझ्या मते सोन्याच्या खाणीची बातमी वाचताना एकूण टनांच्या आधी हा टनामागचा ग्रॅम बघावा.

नेवाडातल्या कार्लिन पट्ट्याचा इतिहास याच हिशेबाचा आहे. 1961 मध्ये न्यूमाँट कंपनीचे भूवैज्ञानिक जॉन लिव्हरमोर आणि ॲलन कूप यांनी तिथे असं सोनं शोधलं, जे डोळ्यांनी दिसत नाही आणि परातीत धुऊन हाती लागत नाही. 1965 साली तिथे गिरणी-टाक्यांतून सोनं निघू लागलं. ढिगाची पद्धत नेवाडात रुजली ती त्यानंतर, आणि टाकून दिलेला हलका, म्हणजे कमी सोन्याचा, दगडही कामाचा ठरला. पण हवापाण्याने कुजलेला वरचा दगडच ढिगाला मानवतो. खोलवर सोनं गंधकाच्या खनिजांत अडकलेलं असतं. तो दगड आधी भट्टीत भाजावा किंवा दाबाखाली शिजवावा लागतो, मग टाकीत. म्हणून एकाच खाणीत दोन्ही वाटा शेजारी नांदतात.

उझबेकिस्तानच्या किझिलकुम वाळवंटातली मुरुंताऊ ही त्याची भव्य साक्ष. साठा सापडला 1958 मध्ये. सोव्हिएत काळात चांगला दगड गिरणीत गेला, हलका बाजूला साठत राहिला. 1992 साली उझबेक सरकारने न्यूमाँटशी भागीदारी केली ती या साठलेल्या हलक्या दगडासाठी, आणि तो चुरून ढिगावर चढवला. गिरणीकडे करवंटीच्या कोळशाऐवजी सोनं धरणारी राळ वापरतात, हा सोव्हिएत वारसा.

वाळवंट ढिगाला का मानवतं? किझिलकुमात वर्षाला 200 मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आपल्या नागपुरात हजारावर पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. उघड्या ढिगावर असा पाऊस कोसळला तर द्रावण पातळ होतं, द्रावण साठवणारी खालची तळी भरून वाहू शकतात. पावसाळी देशांतही ढीग रचतात, पण जादा तळी बांधून आणि वर झाकण घालून. वाळवंटात अडचण उलटी, पाणी कमी आणि वाफ जास्त. तिथे ठिबकाच्या नळ्या दगडाखाली पुरतात. तहानलेले पक्षी विषारी पाण्यावर उतरू नयेत म्हणून तळ्यांवर जाळ्या किंवा तरंगते चेंडू टाकतात. ही काळजी कुठेही टाळता कामा नये.

धोकेही निराळे, आणि इथे गल्लत महागात पडते. 30 जानेवारी 2000 ला रुमानियात बाया मारे इथे गाळाच्या तलावाचा बांध फुटला. सुमारे 1 लाख घनमीटर सायनाइडमिश्रित पाणी तिसा नदीत आणि पुढे डॅन्यूबमध्ये गेलं, हंगेरीत प्रचंड मासे मेले. हा टाकीकडचा अपघात. 13 फेब्रुवारी 2024 ला तुर्कस्तानात चोप्लेर खाणीवर ढीगच घसरला आणि 9 कामगार गाडले गेले. पहिल्याची तपासणी बांधाची आणि पाण्याच्या पातळीची, दुसऱ्याची ढिगाच्या उतरणीची आणि ढिगात मुरलेल्या ओलाव्याची. एकाची नियमावली दुसऱ्याला लावून भागत नाही.

राहिलं कोलार. 2001 मध्ये खाण बंद झाली, डोंगर राहिले, आणि वारा सुटला की त्यांची धूळ वस्त्यांत शिरते. त्यात अजून थोडं सोनं आहे, म्हणून ते पुन्हा काढायची चर्चा होत असते. पण तो दगड आधीच दळलेला. त्यावर नुसत्या नळ्या अंथरल्या तर पीठ गच्च बसेल आणि द्रावण खाली उतरणारच नाही. ते पीठ सिमेंटने बांधून त्याच्या गोळ्या कराव्या लागतील, नाहीतर पुन्हा टाकीतच न्यावं लागेल.