आग लागते ती पाण्याबाहेर

नोव्हेंबर २०२४ मध्ये 'अरिघात' या अणुपाणबुडीवरून के-४ क्षेपणास्त्राची चाचणी झाल्याची बातमी आली, आणि नागपूरच्या फुटाळा तलावावर माझ्यासोबत फिरणाऱ्या काकांनी विचारलं, "काय गा, पाण्यात रॉकेट पेटते तरी कसं?"

पेटतच नाही! काही सोव्हिएत क्षेपणास्त्रांची इंजिनं पाण्यात पेटत, पण आज प्रचलित पद्धत वेगळी आहे.

दिवाळीत पोरं सुतळी बॉम्बवर रिकामा डबा पालथा घालतात. डब्यात इंजिन नसतं, तरी खालच्या वायूच्या धक्क्याने तो उडतो. पाणबुडीतून सुटणाऱ्या अमेरिकेच्या ट्रायडेंट क्षेपणास्त्राचं तत्त्व हेच, फक्त धक्का मोजूनमापून दिलेला. तीस मीटर खोलीवर एकूण दाब जमिनीवरच्या चौपट असतो. म्हणून क्षेपणास्त्र ज्या उभ्या नळीत ठेवलेलं असतं, तिचं झाकण उघडण्याआधी आतला दाब बाहेरच्या दाबाएवढा करतात. तोंडावरचा पातळ पडदा पाणी अडवतो. मग घन इंधनाचा छोटा साठा पेटतो. त्याचा तप्त वायू आधी पाण्यातून जातो, पाण्याची वाफ होते, वायू निवतो, आणि हे मिश्रण क्षेपणास्त्राचा जवळपास ५९ टनांचा खांब पडदा फोडून वर फेकतं. मुख्य इंजिन पेटतं ते पाण्याबाहेर आल्यावर. २० जुलै १९६० रोजी अमेरिकेच्या 'जॉर्ज वॉशिंग्टन' पाणबुडीतून पोलारिस क्षेपणास्त्र पहिल्यांदा पाण्याखालून सुटलं, तेव्हा हे काम दाबलेल्या हवेने केलं होतं.

धक्का जमला तरी पाणी पिच्छा सोडत नाही. १९८९ मध्ये ट्रायडेंट-२ पहिल्यांदा पाणबुडीतून सोडलं, तेव्हा मागून उसळलेला पाण्याचा स्तंभ अंदाजापेक्षा उंच चढला. नॉझलमध्ये, म्हणजे इंजिनाचा वायू बाहेर पडतो त्या तोंडात, पाणी असतानाच इंजिन पेटलं आणि क्षेपणास्त्र हवेत कोलांट्या खात नष्ट झालं. अशा अपयशांतून शिकत ही विद्या उभी राहिली. त्यामुळे 'हे सगळं आपल्याकडे ब्रह्मास्त्रात होतंच' असे व्हॉट्सॲपवरचे संदेश वाचून मला मनापासून वाईट वाटतं. त्यात आपल्याच अभियंत्यांची वर्षानुवर्षांची मेहनत पुसली जाते.

आता पल्ला. आपलं आधीचं के-१५ सुमारे ७५० किलोमीटर जातं. नागपूर ते विशाखापट्टणम सरळ रेषेत सहाशेच्या आत, म्हणजे त्याहून थोडंच जास्त. एवढ्या पल्ल्यासाठी पाणबुडीला शत्रूच्या किनाऱ्याजवळ जावं लागतं. के-४ चा पल्ला ३५०० किलोमीटर आहे, त्यामुळे ती दूर खोल समुद्रात दडून राहू शकते.

"मंग रिकाम्या नळीत काय रायते?" काकांचा पुढचा प्रश्न. समुद्राचं पाणी! पण क्षेपणास्त्राचं वजन आणि आत शिरलेल्या पाण्याचं वजन सारखं नसतं. तो फरक टाक्यांतलं पाणी कमी-जास्त करून लगेच भरून काढावा लागतो, नाहीतर पाणबुडी ठरलेली खोली सोडून वर-खाली सरकते.